विधायकाच्या ऑफिसात इंटर्नशिप: इंदूरच्या मुलामुलींसाठी चिठ्ठी मिळवण्यापासून विधानसभेच्या प्रश्नापर्यंत

मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून नवीन शिक्षण धोरण लागू झालं आणि तेव्हापासून बीए, बीकॉम, बीएस्सी कुणीही असो, प्रोजेक्ट, इंटर्नशिप, ॲप्रेंटिसशिप नाहीतर कम्युनिटी एंगेजमेंट यातलं काहीतरी करावंच लागतं, मग बहुतेक पोरं ओळखीच्या सीएकडे नाहीतर कुठल्यातरी एनजीओत नाव लिहून येतात आणि शेवटी एक सर्टिफिकेट फाईलला लावतात. ज्याला पॉलिटिकल सायन्स, लॉ, पत्रकारिता, समाजकार्य किंवा पुढे एमपीपीएससी (राज्य सेवा परीक्षा) असं काही डोक्यात आहे त्याने त्यापेक्षा विधायक (आमदार) नाहीतर सांसदाच्या (खासदाराच्या) ऑफिसात महिनाभर बसावं असं माझं स्पष्ट मत आहे. भाषणं लिहायला मिळतील म्हणून जाऊ नका, मिळणार नाहीत. एका माणसाचा अर्ज सभागृहातला प्रश्न कसा होतो आणि बहुतेक वेळा का होत नाही, हे बघायला जा. ते कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत.

आधी कुणाकडे जायचं ते ठरवा

इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या ९ जागा आहेत: शहरात इंदूर १ ते ५, आणि बाहेर राऊ, सांवेर, देपालपूर, महू. लोकसभेत मात्र महू धारमध्ये जातं, त्यामुळे महूच्या पोराने इंदूरच्या सांसदांच्या ऑफिसात 'मी तुमच्याच एरियातला' असं सांगू नये, तिथले लोक गालात हसतात. शिवाय मध्य प्रदेशातून राज्यसभेवर ११ जण जातात, त्यातलं कुणी इंदूरकडचं असेल तर तोही एक पर्याय.

विधायक की सांसद? मला विचाराल तर कॉलेजच्या पोरांनी विधायकच पकडावा. वीज, पोलीस, सरकारी शाळा, नामांतरण (जमिनीच्या कागदावर नाव बदलणं), पेन्शन, नगर निगमची कामं हे सगळं राज्याच्या हातात आहे आणि लोकं त्यासाठीच दारात येतात. रेल्वे, पासपोर्ट, एअरपोर्ट, बँक, पीएफ हे सांसदाकडे. सांसदाचं दिल्लीचं काम दिल्लीत होतं, इंदूरच्या ऑफिसात त्यातलं फारसं दिसत नाही. पक्ष कुठला हे तुमचं तुम्ही बघा, पण विरोधी पक्षाच्या विधायकाकडे प्रश्न विचारण्याचं काम साहजिकच जास्त आणि सत्तेतल्याकडे लोकांची कामं घेऊन येणारी गर्दी जास्त, दोन्हीकडे शिकायला वेगवेगळं आहे.

विधायक मंत्री असेल तर एक लक्षात ठेवा, मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. तिथला स्टाफही विभागाचा असतो आणि विद्यार्थ्याला आत घेताना दहा वेळा विचार करतात.

सरकारी आणि संस्थांचे रीतसर कार्यक्रम

हे थोडक्यात, कारण यांची माहिती त्यांच्या वेबसाईटवर नीट असते. लोकसभा आणि राज्यसभा सचिवालयांच्या स्वतःच्या इंटर्नशिप आहेत, जाहिरात निघाली की भरायच्या. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप २०१० पासून आहे, त्यात एका सांसदासोबत दिल्लीत पूर्ण वेळ काम असतं, जूनच्या सुमारास सुरू होऊन बजेट सत्रापर्यंत चालतं, पण त्याला ग्रॅज्युएशन झालेलं लागतं आणि वय २५च्या आत. म्हणजे सेकंड इयरवाल्याला आत्ता उपयोग नाही, पण इथे केलेलं काम तिथल्या फॉर्ममध्ये सोन्यासारखं कामी येतं. आपल्या सुमित्राताई (महाजन) इंदूरमधून १९८९ ते २०१९ आठ वेळा निवडून गेल्या, लोकसभा अध्यक्ष असताना २०१५ मध्ये त्यांनी सांसदांना विषय समजावून देण्यासाठी स्पीकर्स रिसर्च इनिशिएटिव्ह सुरू केलं होतं. सांसदालासुद्धा अभ्यास करून देणारं कुणीतरी लागतं, हे तिथे अधिकृतपणे मान्य झालं असं समजा. विधायकाकडे तर असं कुणीच नसतं, एक पीए, एक ऑपरेटर आणि चार कार्यकर्ते. तुमची जागा तिथेच आहे.

विधायकाच्या ऑफिसचा मात्र फॉर्म वगैरे काही नाही. जाहिरात नाही, लास्ट डेट नाही. जायचं आणि भेटायचं.

कधी जायचं

विधानसभेची साधारण तीन सत्रं: फेब्रुवारी-मार्चमध्ये बजेट, जुलैच्या आसपास पावसाळी, डिसेंबरमध्ये हिवाळी. घटनेच्या कलम १७४ प्रमाणे दोन सत्रांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, बाकी तारखा वरखाली होतात. प्रश्न पाठवायचं काम सत्राच्या बरंच आधी सुरू होतं, म्हणून मे-जून सगळ्यात चांगले, परीक्षा संपलेल्या असतात आणि पावसाळी सत्राचे प्रश्न तयार होत असतात. त्यासाठी एप्रिलमध्येच बोलून ठेवा.

सत्र चालू असताना पहिल्यांदा भेटायला जाऊ नका, विधायक आणि पीए दोघंही भोपाळला असतात. रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) आसपास, गणपतीत आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या दिवसांत ऑफिसात कागद हलत नाही, भिया लोक सगळे रस्त्यावर. आणि आचारसंहिता लागली की इंटर्नशिप विसरा, तिथे मग फक्त प्रचार उरतो आणि तुम्हाला पॅम्प्लेट वाटायला लावतील.

कागद काय न्यायचे

कॉलेजचं पत्र सगळ्यात महत्त्वाचं, एचओडी किंवा प्राचार्यांच्या सहीचं, त्यात तुमचं नाव, वर्ष, किती दिवस किंवा किती तास करायचंय आणि 'हे अभ्यासक्रमाचा भाग आहे' हे वाक्य. डीएव्हीव्हीच्या (देवी अहिल्या विद्यापीठाच्या) विभागांत हे लवकर मिळतं, काही कॉलेजांत बाबूंच्या दोन-तीन चकरा माराव्या लागतात. एका पानाचा बायोडाटा, हिंदीत. हो, हिंदीतच, कारण तो वाचणारा माणूस पीए आहे. आधारची झेरॉक्स आणि फोटो.

याशिवाय एक गोष्ट, जी कुणी मागत नाही पण तीच कामी येते: तुमच्या वॉर्डाच्या एका प्रश्नावर एक पान. निबंध नको. नगर निगमचे ८५ वॉर्ड आहेत, तुमचा कितवा ते माहिती हवं, प्रश्न काय, कधीपासून, कुठल्या विभागाचा, निगमच्या ३११ ॲपवर किंवा सीएम हेल्पलाईन १८१ वर तक्रार टाकली होती का आणि तिचं काय झालं. एवढं लिहून नेलंत तर पीएला पाच मिनिटांत कळतं की हा मुलगा कागद बनवू शकतो.

हिंदी टायपिंग यायलाच पाहिजे. युनिकोड येत असेल तर उत्तम, पण सरकारी ऑफिसांतून अजूनही कृतीदेव या जुन्या फॉन्टमधल्या फाईली येतात, त्या उघडल्या की सगळं अगम्य दिसतं, तेव्हा कन्व्हर्टर वापरायला शिका. घाबरू नका, आठवड्यात हात बसतो.

पीएशी भेट

विधायकांना थेट भेटायची घाई करू नका. ऑफिस चालवतो तो पीए, आणि तो हो म्हणाला तर विधायक नाही म्हणत नाहीत. सकाळची गर्दी ओसरल्यावर जा, रविवारी तर अजिबात नको. 'भैया, कॉलेज से आया हूँ, इंटर्नशिप करनी है, लेटर लाया हूँ' एवढंच सरळ सांगायचं. आपल्याकडे राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग, कुठल्याही मराठी घरात एखादे काका असतातच ज्यांची गणपती मंडळापासून कुठल्यातरी नेत्याशी ओळख आहे. काकांनी फोन केला तर करू द्या, त्यात कमीपणा काही नाही. पण काका सोबत येतो म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. सोबत मोठं माणूस असलं की पीए सगळं त्यांच्याशीच बोलतो आणि तुम्ही खुर्चीवर पाहुण्यासारखे बसून राहता.

'कल आना' ऐकायची तयारी ठेवा. खरंच कल जा. बरेच जण पहिल्या 'कल आना'लाच गळतात, म्हणून जागा रिकामी असते.

हो म्हणाले की लगेच चार गोष्टी बोलून घ्यायच्या: किती ते किती वाजेपर्यंत, कुणाच्या हाताखाली, कुठलं काम, आणि शेवटी लेटरहेडवर सर्टिफिकेट मिळणार का. पैशाबद्दल सांगायचं तर बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही. बाहेर फिरायला लावणार असतील तर पेट्रोल नाहीतर बसचं भाडं मागायला लाजू नका. लॉवाल्यांसाठी वेगळं: बार काउन्सिलच्या नियमात तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप लागते, त्यात विधिमंडळ आणि संसदेतली इंटर्नशिपही धरलेली आहे, फक्त एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. विधायकाचं लोकल ऑफिस त्यात बसतं का हे कॉलेजकडून आधी लेखी घ्या, नंतर वाद नको.

पहिले दिवस: बाहेरची खोली

तुम्हाला बाहेर बसवतील, जिथे लोकं येतात. हेच पाहिजे. पेन्शन थांबली, समग्र आयडीत (राज्य सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकात) नाव चुकलं, आयुष्मान कार्ड बनत नाही, आरटीईत नंबर लागला नाही, पटवारी नामांतरण करत नाही, ट्रान्स्फर, हॉस्पिटलचं बिल, मुलाला नोकरी. आजी येतील, त्यांना आधी बसवा, पाणी द्या, मग कागद मागा. बोलणं पूर्ण ऐकायचं, कारण अर्जात लिहिलेलं असतं एक आणि अडचण असते भलतीच. अर्ज तर एमपी ऑनलाईनवाल्याने किंवा कलेक्टोरेटबाहेरच्या टायपिस्टने त्याच्या साच्यातून काढून दिलेला असतो.

ऑफिसात आवक-जावक रजिस्टर असतं, पण त्यात साधारणपणे तारीख, नाव आणि 'आवेदन' एवढंच. तुम्ही परवानगी घेऊन ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर एक्सेल शीट सुरू करा: तारीख, नाव, वॉर्ड किंवा गाव, मोबाईल, विभाग, अडचण एका ओळीत, काय केलं, पत्र क्रमांक, परत कधी विचारायचं, निकाल. 'विभाग' आणि 'वॉर्ड' हे दोन रकाने कधीच रिकामे सोडू नका, पुढे सगळं यांच्यावर चालतं.

मग रस्ते माहिती पाहिजेत. सीएम हेल्पलाईन १८१ वर तक्रार टाकली की ती एल-१ म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि सुटली नाही तर एल-४ पर्यंत वर चढते, पण मधेच फोर्स क्लोज झाली (न सुटताच बंद केली) तर लोकांना पत्ताच नसतो, म्हणून नंबर घेऊन स्टेटस बघायचं. मंगळवारी कलेक्टोरेटमध्ये, म्हणजे मोती तबेल्याला, जनसुनवाई असते. ठरलेल्या मुदतीत मिळायच्या सेवांसाठी २०१० चा लोकसेवा गारंटी कायदा आहे, अर्ज लोकसेवा केंद्रात टाकलेला असेल तर पावतीवर मुदतीची तारीख असते, ती आधी बघा. आणि विधायकाचं पत्र. पत्र हे शेवटचं हत्यार असायला पाहिजे, पण सगळ्यांना तेच पाहिजे असतं, आणि दिवसाला शंभर पत्रं गेली की अधिकारीही ती वाचत नाही. पत्रात जुना तक्रार नंबर आणि तारीख टाकली तर वाचतो.

अर्जातून प्रश्न

आता खरं काम. समजा एकाच वॉर्डातून विधवा पेन्शन बंद झाल्याचे बरेच अर्ज आले. महिन्याला ६०० रुपये, पण घरात तेच येतात. एकेकाचं काम १८१ वर टाकाच, पण शीट विभागाप्रमाणे सॉर्ट केली की दिसतं की सगळ्यांची पेन्शन साधारण एकाच सुमारास थांबलीय आणि बहुतेकींचं समग्रचं ई-केवायसी अडकलंय. आता ही एका आजीची अडचण राहिली नाही. प्रश्न इथे तयार होतो, आणि हे सांगायला पीएकडे जाताना तोंडी नाही, शीटची प्रिंट घेऊन जा.

मध्य प्रदेश विधानसभेचे जुने प्रश्न-उत्तरं वेबसाईटवर पीडीएफमध्ये आहेत. आधी तिथे शोधा, हाच प्रश्न मागच्या सत्रात कुणी विचारला असेल तर त्याचं उत्तर काय आलं ते वाचा आणि त्याच्या पुढचं विचारा. साचा ठरलेला असतो: 'क्या ... मंत्री महोदय यह बताने की कृपा करेंगे कि' आणि मग (क), (ख), (ग), (घ). 'पेन्शन का बंद झाली' असं विचारलं तर उत्तर येईल 'पात्रतानुसार भुगतान किया जा रहा है', विषय संपला. त्यापेक्षा असं मांडा: (क) मध्ये इंदूर जिल्ह्यात अमुक तारखेपासून 'प्रश्न दिनांक तक' किती हितग्राहींची (लाभार्थ्यांची) पेन्शन थांबवली, वॉर्डनिहाय. (ख) मध्ये त्यातली ई-केवायसीमुळे किती. (ग) मध्ये थांबवण्याआधी नोटीस दिली का, 'यदि हाँ, तो' कुठल्या तारखेला, 'यदि नहीं, तो क्यों'. (घ) मध्ये परत चालू कधीपर्यंत करणार. आकडा, तारीख, जागा, नियम, या चारांना चिकटून राहिलात की टोलवाटोलवीला जागा कमी उरते.

काय चालत नाही तेही बघा. प्रश्नात मत नको, टोमणा नको, कोर्टात चालू असलेलं प्रकरण नको, कुणावर आरोप नको, आणि विषय त्या मंत्र्याच्या विभागाचा असला पाहिजे. निगमचा रस्ता असेल तर तो नगरीय विकास व आवास विभागाकडे जातो, पण शहरातला प्रत्येक रस्ता निगमचा नसतो, काही पीडब्ल्यूडीचे, काही आयडीएचे (इंदूर विकास प्राधिकरणाचे). विभाग चुकला की प्रश्न फुकट. पोरं सगळ्यात जास्त इथेच फसतात, शंका असेल तर झोन ऑफिसात जाऊन विचारून या.

तारांकित म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर आणि वर पूरक प्रश्न विचारायची संधी, अतारांकित म्हणजे फक्त लेखी. प्रश्नकाळ एकच तास असतो आणि त्या दिवसाच्या तोंडी यादीत २५ प्रश्न, तेसुद्धा सगळे पूर्ण होत नाहीत. बाकीचे तारांकित लेखी उत्तरात जातात. म्हणून आकडेवारी पाहिजे असेल तर अतारांकितच बरा, आणि मंत्र्याकडून काही कबूल करून घ्यायचं असेल तर तारांकित टाकून नशीब बघायचं. याशिवाय तातडीच्या विषयाला ध्यानाकर्षण (लक्षवेधी) आहे, नियम १३८(१) खाली, आणि नियम २६७-क खाली छोट्या सूचना देता येतात. एखाद्या वस्तीचा छोटा प्रश्न २६७-क मध्ये छान बसतो, पीएला हे सुचवून बघा.

मग उत्तर येतं. अर्ध्या वेळा 'जानकारी एकत्रित की जा रही है'. चिडू नका, नोंद करा, कारण पूर्ण उत्तर पुढे कधीतरी येतं आणि तोवर ऑफिसात सगळे विसरलेले असतात. दुसरा प्रकार 'जानकारी पुस्तकालय में रखे परिशिष्ट अनुसार है', म्हणजे खरा माल परिशिष्टात, तो मागवून घ्यायला सांगा. आणि मंत्र्याने सभागृहात 'जांच करवा लेंगे' असं म्हटलं की ते आश्वासन होऊ शकतं, त्याच्यावर लक्ष ठेवायला आश्वासनांची वेगळी समिती आहे. इंटर्नने अशा वाक्यांची तारखेसकट यादी ठेवली तर त्याला पुढच्या सत्रालाही परत बोलावतील, हे मी खात्रीने सांगतो.

भोपाळ

नेतीलच असं नाही. नेलं तर विधायकाच्या शिफारशीवर दर्शक दीर्घेचा पास बनतो, फोन बाहेर ठेवावा लागतो, आत नोट्ससुद्धा काढू देत नाहीत असं धरूनच जा. अरेरा हिल्सवरची ती इमारत चार्ल्स कोरियांनी केलेली आहे, १९९६ पासून विधानसभा तिथे भरते, तिच्यासाठी अर्धा तास लवकर जा. सभागृहात गोंधळ झाला आणि कामकाज तहकूब झालं तर ट्रिप वाया गेली असं वाटतं, पण तुमच्या विधायकाच्या हातात पूरक प्रश्नांचा कागद तुम्ही बनवलेला असेल तर तो तसाच घडी होऊन परत येतो, आणि मग गोंधळाकडे बघायची नजर बदलते.

हे करायचं नाही

विधायक-सांसदाचा लॉगिन-पासवर्ड घ्यायचा नाही, स्वतःहून दिला तरी नाही. २०२३ मध्ये प्रश्न टाकायच्या पोर्टलचं लॉगिन दुसऱ्याला दिल्याच्या प्रकरणात एका लोकसभा सदस्याची सदस्यता गेली, आणि २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्यावरून ११ सांसद बाहेर काढले गेले. प्रश्न कुणासाठी टाकला जातोय हे विचारायला शिका. एखादा ठेकेदार तयार प्रश्न टाईप करून घेऊन आला तर तो पीएकडे पाठवा, तुम्ही हात लावू नका. उत्तर सभागृहात येण्याआधी ते कुणालाही, पत्रकार मित्रालाही, फॉरवर्ड करायचं नाही.

लोकांचे आधार, बँक पासबुक यांचे फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवू नका, काम झालं की डिलीट. कुणाला 'होऊन जाईल' असं वचन देऊ नका, 'विचारून सांगतो' म्हणा. पक्षाच्या कार्यक्रमात गमछा घालून फोटो काढायचा की नाही हे आधी ठरवून ठेवा, कारण आग्रह होणार. मी तर नाही म्हणायचा सल्ला देईन, पुढे नोकरीच्या वेळी तो फोटो कोण कसा वाचेल सांगता येत नाही.

मुलींसाठी

ऑफिसची वेळ ठरलेली हवी, रात्रीच्या बैठका आणि बाहेरगावचे दौरे यांना सरळ नाही म्हणता येतं आणि त्याने इंटर्नशिप जात नाही, जात असेल तर ते ऑफिस सोडलेलं बरं. दोघी मैत्रिणींनी मिळून अर्ज करा. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा ट्रेनीलाही लागू आहे. विधायकाच्या ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असतात त्यामुळे अंतर्गत समिती नसते, अशा वेळी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आईला पीएचा नंबर आणि ऑफिसचा पत्ता देऊन ठेवा.

शेवटचा आठवडा

सर्टिफिकेटचा मसुदा तुम्हीच टाईप करून द्या, नाहीतर 'परिश्रमी एवं मिलनसार' एवढंच लिहून मिळतं. तारखा, एकूण तास, आणि नेमकं काम लिहा: किती अर्जांची नोंद ठेवली, कुठल्या विषयांवर प्रश्नांचे मसुदे केले. कॉलेजच्या रिपोर्टमध्ये कुणाही अर्जदाराचं नाव किंवा मोबाईल टाकू नका, वॉर्ड आणि विषय पुरे. व्हायवामध्ये सर लोक हमखास विचारतात की विधायक निधी आणि स्वेच्छानुदान यात फरक काय, तर पहिल्यातून रस्ता, भवन अशी कामं होतात आणि दुसऱ्यातून माणसाला किंवा संस्थेला मदत.

आणि शीट पीएकडे देताना 'परत कधी विचारायचं' हा रकाना भरून द्या, तुमच्यानंतर बसणाऱ्याला पहिला फोन कुणाला लावायचा ते त्यातूनच कळेल.